‘ये एकदा जेवायला’ म्हणजे कधी?

लग्नाच्या हॉलबाहेर चपला शोधता शोधता एका ओळखीच्या तरुणाला मी सवयीने म्हणून गेले, ‘‘ये की एकदा जेवायला.’’ त्याने चप्पल पायात सरकवली आणि विचारलं, ‘‘कधी? किती वाजता?’’ मी गडबडलेच. तो घरी यायला माझी काहीच हरकत नव्हती, पण ते वाक्य आमंत्रणाचं नव्हतं, निरोपाचं होतं. हा फरक मराठी घरात कुणी बसून शिकवत नाही. तो ज्याचा त्याला कळतो असं आपण धरून चालतो. या तरुणाला तो कळत नाही. तो स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. हिशेबात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नाही.

त्या रात्री मी आपल्याच बोलण्याची उलटतपासणी घेतली. ‘बघू’ म्हणजे बहुतेक नाही. ‘चहा घेणार?’ याला आधी ‘नको’ म्हणायचं आणि दुसऱ्या आग्रहाला ‘अर्धाच’. ‘काही आणू नका हं’ असं बजावलं असलं तरी रिकाम्या हाताने जायचं नाही. ‘सावकाश दे पैसे’ यात एक तारीख दडलेली असते, फक्त ती सांगायची नसते. इतकं आडून बोलणाऱ्या समाजाने सरळ बोलणाऱ्याला ‘याला कळत नाही’ म्हणावं, हे जरा गमतीचंच आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर इथले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑटिझमची आजची ओळख तिथून सुरू होते. त्यातला एक छोटा प्रसंग मला फार आवडतो. वडील भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलत होते, तर मुलाने त्यांना दुरुस्त केलं: चित्रं भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत. ‘वर’ म्हणजे त्याच्या लेखी माथ्यावर. आपलं ‘भिंतीवर’ घेतलं तरी मुलाचंच म्हणणं काटेकोर ठरतं. कॅनर यांनी ते लक्षण म्हणून नोंदवलं. व्याकरणाच्या मास्तरांनी शाबासकी दिली असती.

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया अशा वेगवेगळ्या घडणीच्या मेंदूंसाठी हल्ली ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा एकच शब्द वापरतात. तो सोयीचा आहे, पण या तिन्हींची दुखणीखुपणी एक नाहीत. मी इथे मुख्यतः स्वमग्नतेबद्दल लिहिते आहे. ‘स्वमग्न’ हा शब्दही मला पुरता पटत नाही. ‘ऑटिझम’च्या मुळाशी ग्रीक भाषेतलं ‘स्वतः’ आहे, तेच आपण मराठीत आणलं. त्यामुळे हा माणूस आपल्यातच रमलाय, त्याला इतरांची पर्वा नाही, असा ग्रह शब्दातच होऊन बसतो. स्वमग्न माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही, हे तर वर्षानुवर्षं तज्ज्ञही सांगत आले.

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली याला उलटा प्रश्न विचारला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. स्वमग्न माणसाला आपलं मन कळत नाही हे खरं मानलं, तरी आपल्याला त्याचं कुठे कळतं? गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे, मग दोष एकाच्याच खात्यावर का? पुढे एडिंबरा इथल्या संशोधकांनी आपला कानगोष्टींचा खेळ असतो तसा प्रयोग केला. एकाने गोष्ट ऐकायची, दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. २०२० साली आलेल्या निष्कर्षांत फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीने गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचवली. गळती झाली ती मिश्र साखळीत. २०२५ साली हाच प्रयोग मोठ्या संख्येवर झाला, तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे मिल्टन यांच्या म्हणण्याचा तो अखेरचा पुरावा नव्हे. पण ‘यांना संवादच जमत नाही’ हे दोन्ही वेळा खोटं ठरलं.

नजरेचंही असंच. ‘बोलताना माझ्याकडे बघ’ असं या मुलांना सतत बजावलं जातं. अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं त्यांना बोचतं. बघायचं की ऐकायचं, यांतलं एकच जमतं. आणि आठवा, दोन पिढ्यांपूर्वी आपल्याच घरांत ‘डोळे वर करून बोलतोस?’ म्हणून धपाटा मिळत होता. मान खाली घालून उभं राहणं ही तेव्हा रीत होती, आज ते लक्षण झालं.

आवाजाची गोष्ट मात्र रीतिरिवाजाची नाही, शरीराची आहे. कुकरची शिट्टी, मिक्सर, स्टीलचं ताट फरशीवर पडणं, मिरवणुकीतले ढोल. आपला मेंदू यातलं बरंचसं मागे ढकलतो. ज्याचा ढकलत नाही, त्याच्यावर सगळंच एकदम येऊन आदळतं. मूल कानांवर हात ठेवतं, हात फडफडवतं, गोल गोल फिरतं. आपण त्याला ‘चाळे’ म्हणतो, पण ते बहुतेकदा स्वतःला सावरणं असतं. तेही पुरलं नाही की भर दुकानात जमिनीवर लोळण. हट्ट करणारं मूल आई बघतेय का याचा अंदाज घेतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. कोंडी झालेलं मूल चॉकलेट देऊनही थांबत नाही. त्या वेळी समजावू नये, ओरडू नये; शांत, कमी उजेडाच्या जागी न्यावं आणि थांबावं. बघ्यांनी तर फक्त पुढे चालू लागावं. ‘आईचे संस्कार’ हा विषय तिथे काढणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक कापतील.

कायदा आपल्या पुढे गेला आहे. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. त्यात ऑटिझम आला, डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही आल्या. (एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.) गरजेनुसार रास्त सोयी द्याव्यात, हे त्याच कायद्यात आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक ही मापात बसणारी मदत. पण कचेरीत ‘जरा बघून घे’ असं म्हणून फाइल टेबलावर टाकणाऱ्या साहेबाला कुठलं कलम लावणार? त्याने ‘गुरुवारी चारपर्यंत, पहिली तीन पानं, आकडे तपास’ एवढं लिहून दिलं तर कामही होतं आणि माणूसही टिकतो. बैठकीची जागा बदलणार असेल तर ते आदल्या दिवशी कळवावं. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबावं; मधली शांतता आपल्याला टोचते, त्याला नाही. यातलं काहीच खर्चाचं नाही. तरी ते आपल्या अंगात नाही, कारण समोरच्याने ओळखून घ्यावं यालाच आपण जिव्हाळा म्हणत आलो.

मी त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला. रविवार, दुपारी साडेबारा, घरी आम्ही तिघंच, वरण-भात, बटाट्याची भाजी, खोबऱ्याची चटणी, दोनला निघालास तरी चालेल. उत्तर लगेच आलं: ‘येतो. मिक्सर लावू नका.’ यात ‘कृपया’ नव्हतं, ते क्षणभर खटकलं. चटणी मी सकाळी आठलाच वाटून ठेवली.