अर्थाची अक्षरे

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूसाठी प्रसिद्ध आहे. या शोभेच्या दारूला जपानी भाषेत 'हानाबी' म्हणतात. कांजी लिपीत हा शब्द 'फूल' आणि 'अग्नी' अशा दोन चिन्हांनी लिहितात. आपल्या फुलबाजीतही फूल आहेच!

देवनागरी अक्षर ध्वनी दाखविते. कांजी चिन्ह मुख्यतः अर्थ दाखविते. प्रथम आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ, मग डावीउजवीकडे उतरणाऱ्या दोन रेघा काढल्या, की 'झाड' झाले. शेजारी शेजारी दोन झाडे म्हणजे वनराई. एक वर व दोन खाली, अशी तीन झाडे म्हणजे अरण्य.

जपानी मुले पहिल्या इयत्तेत अशी ८० चिन्हे शिकतात. नवशिक्याने रेघांचा क्रम पाळून व अर्थ जाणून ती गिरवावीत. नुसती घोकंपट्टी विसरते. समजून काढलेली रेघ मनात ठसते.