बियाण्यापासून ताटापर्यंत : मुलांसाठी उन्हाळी शेती-अन्न शिबिर

प्राथमिक शाळेतील एका मुलाच्या एका वेळच्या शालेय भोजनासाठी १०० ग्रॅम धान्य मंजूर आहे. कोरडवाहू जमिनीत ज्वारीचे पीक हेक्टरी १० क्विंटल उतरले असे धरले, तर एक चौरस मीटर जमिनीतून हंगामाअखेर हाती येणारे धान्यही १०० ग्रॅमच भरते. म्हणजे मुलाच्या ताटातील एका वेळच्या अन्नामागे एक चौरस मीटर भुई, सुमारे चार महिन्यांचा काळ आणि पेरणीपासून मळणीपर्यंत खपलेले अनेक हात उभे असतात. शाळेचे वर्षातील २०० दिवस धरल्यास एका मुलासाठी २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे जमीन लागते. हा हिशेब करावयास प्राथमिक शाळेतील गणित पुरेसे आहे. परंतु तो मुलांपुढे क्वचितच मांडला जातो.

शाळेत शेतीचा धडा असतो आणि आहाराचाही असतो. या दोहोंमधील दुवा मात्र सुटलेला राहतो. खेड्यातील मूल शेताच्या बांधावर वाढते, तेव्हा त्यास शेतीचे ज्ञान आपोआप होते, असा आपला समज असतो. वस्तुतः ते मूल शेतातील राबणे पाहते; त्यामागील कारणे त्यास कोणी सांगत नाही. सुटलेला हा दुवा जोडण्याचा एक सोपा व अल्पखर्चिक मार्ग म्हणजे उन्हाळी सुटीत गावातच भरवावयाचे आठ ते दहा दिवसांचे दिवस-शिबिर होय. मुलांनी सकाळी यावे, दुपारपूर्वी घरी जावे आणि जे शिकले ते घरच्या शेतात व स्वयंपाकघरात पडताळून पाहावे, असे त्याचे साधे स्वरूप असते.

विचार जुनाच

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, अशी मागणी केली होती. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. पुढे १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला आणि शेती-पशुपालन, गृह-आरोग्य यांसारखे विषय प्रत्यक्ष कामातून शिकविण्याची पद्धती घडविली. हाताने केलेले काम व बुद्धीने केलेला विचार यांची फारकत होऊ नये, हे या सर्व प्रयत्नांचे समान सूत्र होय. उन्हाळी शिबिर हे त्याच सूत्राचे छोटे, कोणत्याही गावास पेलेल असे रूप आहे.

उन्हाळाच का?

उन्हाळ्यात शेते मोकळी असतात, मग मुलांना दाखवावयाचे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ रिकामा नसतो. धान्याला ऊन देणे, कणगी-पोती झाडून साठवण करणे, बियाणे निवडणे, शेणखत पसरणे, नांगरट व वखरणी करणे ही कामे याच काळात चाललेली असतात. घरोघरी पापड, कुरडया, सांडगे, लोणची अशी वर्षाची बेगमी होत असते. जमीन उघडी असल्यामुळे तिचा पोत, तिच्यातील भेगा, बांधाची धूप डोळ्यांना स्पष्ट दिसतात. मेच्या अखेरीस रोहिणी आणि जूनच्या आरंभी मृग नक्षत्र लागते. पुढील पीक कसे येईल, याचा बराचसा निर्णय या काही आठवड्यांतच होत असतो. या निर्णयात मुलांचा उपयोग होऊ शकतो, ही या शिबिराची खरी बाजू आहे.

उगवण-चाचणी : शिबिराचा कणा

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरातून पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याचे शंभर दाणे आणावेत. ते पोत्याच्या वरवरच्या थरातून न घेता निरनिराळ्या ठिकाणांहून, निवड न करता घेतलेले असावेत. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून वर दुसरा ओला तुकडा घालावा आणि गुंडाळी करून सावलीत ठेवावी. गोणपाट दररोज ओलसर राखावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून सुदृढ कोंब आलेले दाणे मोजले म्हणजे उगवणीची टक्केवारी मिळते. शिबिर किमान आठ दिवसांचे का असावे, या प्रश्नाचे उत्तर बियाणेच असे देते.

प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा सोयाबीनला ७० टक्के, तर ज्वारी, बाजरी व तूर यांना ७५ टक्के आहे. सोयाबीनचे आवरण पातळ असल्यामुळे मळणीत, पोती आपटण्यात किंवा दमट जागी ठेवण्यात त्याची उगवणशक्ती चटकन कमी होते. हेक्टरी ७५ किलो बियाण्याचे प्रमाण ७० टक्के उगवण गृहीत धरून असेल आणि चाचणीत ६० टक्केच उगवण आढळली, तर किती बियाणे लागेल? ८७.५ किलो, हे उत्तर मुलांनी त्रैराशिकाने काढावे. उगवण याहूनही फार खाली असेल, तर ते बियाणे पेरणीस न वापरणेच श्रेयस्कर.

या चाचणीचे महत्त्व केवळ शैक्षणिक नाही. बी उगवले नाही हे पेरणीनंतर कळले, तर बियाणे, खत, मजुरी आणि जमिनीतील ओल हे सर्व वाया जाऊन कुटुंबावर दुबार पेरणीचे संकट ओढवते. मेअखेर शिबिर भरविले, तर तीच गोष्ट पेरणीपूर्वी कळते आणि दुसरे बियाणे मिळविण्यास अवधी राहतो. याच वेळी सरळ वाण व संकरित वाण यांतील भेदही सांगावा. सोयाबीनसारख्या सरळ वाणाचे घरचे बियाणे निवडून पुन्हा पेरता येते. संकरित वाणाचे धान्य पुन्हा पेरल्यास पीक एकसारखे येत नाही व उतारा घटतो. बियाणे चांगले असले तरी पेरणीची घाई करू नये, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरावे, ही कृषी खात्याची शिफारसही मुलांमार्फत घरी पोहोचावी.

माती आणि पाणी

मातीचे घटक दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटलीचा तिसरा हिस्सा मातीने भरावा, उरलेल्या भागात पाणी ओतून ती जोराने हलवावी आणि स्थिर ठेवावी. वाळू प्रथम तळाशी बसते, तिच्यावर काही तासांत पोयटा बसतो आणि चिकणमातीचे सूक्ष्म कण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवतात. काळी जमीन उन्हाळ्यात का भेगाळते व पावसात का फुगते, डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत पाणी का टिकत नाही, हे या बाटल्या शेजारी ठेवल्या असता सहज समजते. ज्यांच्या घरी मृद आरोग्य पत्रिका आहे, त्यांनी ती आणावी आणि नत्र, स्फुरद, पालाश व सेंद्रिय कर्ब यांचे आकडे वाचण्यास शिकावे. अनेक घरांत ही पत्रिका आढ्याला खोचून ठेवलेली असते. ती वाचली गेली, तरच तिचा उपयोग.

पाण्याचा हिशेब तर मुलांना विशेष आवडतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर ३,००० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या २०० घागरी पाणी पडते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा आकडा फळ्यावर लिहिला गेला की पुढचे भाषण करावे लागत नाही.

ताटातील अन्न

शिबिरातील एक-दोन दिवस स्वयंपाकासाठी राखून ठेवावेत. ज्वारी निवडण्यापासून भाकरी थापण्यापर्यंतचे काम मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. चूल पेटविण्याचे काम मात्र मोठ्यांकडेच असावे. मटकीला मोड आणावेत, परिसरातील पालेभाज्या ओळखाव्यात, ताटातील प्रत्येक पदार्थ कोणाच्या शेतातून आला व कोणता बाजारातून आला, याची यादी करावी.

भाकरीबरोबर वरण किंवा उसळ का खावी, याचे कारण येथे सांगता येते. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. डाळींत जो घटक कमी असतो, तो तृणधान्यांतून मिळतो. आपल्या पूर्वापार आहारातील ही जोडी अशी शास्त्रशुद्ध आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले; ज्वारी-बाजरी-नाचणीचे ते महत्त्व मुलांना भाषणापेक्षा गरम भाकरीतून अधिक पटेल.

या विषयात गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया हेच उत्तम शिक्षक होत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांचे बियाणे जतन करून बियाणे बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानाच्या त्या मानकरी ठरल्या. प्रत्येक गावात वाल, दोडका, भोपळा, जुनी ज्वारी यांचे बी राखेत घोळून, मडक्यात जपणारी एखादी आजी असतेच. मुलांनी तिच्याकडे जाऊन प्रत्येक वाणाचे नाव, पेरणीची वेळ व चव यांची नोंद करावी. ती नोंद वेळीच न झाल्यास आजीबरोबर वाणही जातो.

विषाचा डबा आणि अक्षरओळख

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही, तेथे शाळेत जाणारे मूल हेच घरचे वाचक असते. म्हणून कीटकनाशकाच्या डब्यावरील खूण वाचण्यास मुलांना शिकवावे. खुणेतील खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असल्यास औषध अति विषारी, पिवळा असल्यास जास्त विषारी, निळा असल्यास मध्यम आणि हिरवा असल्यास कमी विषारी होय. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. यासाठी भरलेला किंवा रिकामा डबा शिबिरात आणू नये, खुणेचे चित्रच वापरावे. औषध हाताळणे हे मुलांचे काम नाही, हे त्यांना व पालकांना निक्षून सांगावे.

दुकानातील खाऊच्या पुड्यावरील मजकूरही याच तासात वाचावा. त्यातील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर यादीत कितव्या स्थानी आहे, हे मुलांनी स्वतः शोधावे.

आयोजन व काही पथ्ये

शिबिर सकाळी ७ ते ११ या वेळेत भरवावे; त्यानंतर मुलांना उन्हात ठेवू नये. पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार यांची व्यवस्था आधी करावी. साधारण ३० मुले, पाच-सहा जणांचे गट आणि ८ ते १४ ही वयोमर्यादा सोयीची ठरते. जागा शाळेची, मार्गदर्शन कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांचे व कृषी विज्ञान केंद्राचे, सहकार्य अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व बचत गटांचे आणि पुढाकार ग्रामपंचायतीचा, अशी जबाबदारीची विभागणी करता येईल. टंचाईग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही शालेय भोजन देण्याची तरतूद आहे. तेथे भोजन व शिबिर यांची सांगड घालावी. साहित्य म्हणावे तर गोणपाट, बाटल्या, दोरी, तराजू आणि वह्या एवढेच.

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. पहिले, शिबिर म्हणजे मुलांकडून फुकट काम करून घेण्याची संधी नव्हे. कोणाच्याही शेतातील काम उरकण्यासाठी मुलांना नेऊ नये. दुसरे, भाकरी मुलींनी व मोजमाप मुलांनी, अशी वाटणी होऊ देऊ नये. सर्वांनी सर्व करावे व एका पंगतीस जेवावे. तिसरे, भूमिहीन मजुरांची मुले मागे राहू नयेत. पेरणी, खुरपणी, काढणी यांतील बारकावे त्यांच्या आईवडिलांच्या हातांत असतात. एक सकाळ त्यांना शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. आपल्या आईला सर्वांसमोर शिकविताना पाहणे, हा त्या मुलाच्या दृष्टीने शिबिरातील सर्वांत मोठा धडा असेल.

शिबिरानंतर

समारोपाच्या दिवशी हारतुऱ्यांपेक्षा उगवण-चाचणीचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्यात घरोघरची नावे न देता पीक, वाण व टक्केवारी द्यावी, म्हणजे कोणास कमीपणा वाटणार नाही. ज्यांचे बियाणे कमी उगवले, त्यांना ते स्वतंत्रपणे कळवावे.

शाळा उघडल्यावर शालेय परसबागेत प्रत्येक गटास एक चौरस मीटरचा वाफा दोरी व खुंट्या लावून आखून द्यावा. चांगला पाऊस होताच त्यात मूग पेरावा. सुमारे दोन महिन्यांत शेंगा तयार होतात. पेरणीची तारीख, पाऊस, खुरपणी, कीड यांची नोंद वहीत होत जावी आणि अखेरीस प्रत्येक वाफ्याचे मूग तराजूत घालावेत. कोणाचे १०० ग्रॅम भरतील, कोणाचे ४० भरतील. कमी का भरले, याचे कारण मुले आपल्याच वहीत शोधू लागली, म्हणजे उन्हाळ्यातील ते दहा दिवस सार्थकी लागले असे समजावे.