प्रार्थनेपूर्वी

बंगळुरास शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकेत २९ ऑगस्टला ध्वज चढतो. मरियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला. मधले नऊ दिवस नोव्हेनाचे, म्हणजे मनाच्या तयारीचे. आम्हां सरकारी नोकरांना प्रार्थना हाही एक अर्जच वाटतो: विनंती नीट मांडली की झाले! ख्रिस्ताची अट निराळी. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. गाऱ्हाणे त्याचे आहे, आपले नव्हे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. श्रद्धेने मागावे खरे. पण थोरल्या बंधूंना मी दोन वर्षे पत्र लिहिले नव्हते. यंदा नोव्हेनातली पहिली संध्याकाळ त्या पत्रातच गेली.