एका धावेची हार आणि मोडलेला संघ

हैदराबादच्या मैदानावर २१ मे २०१७ च्या रात्री रायझिंग पुणे सुपरजायंटला आयपीएल विजेतेपदासाठी १३० धावा हव्या होत्या, झाल्या १२८. त्याच मुंबई इंडियन्सला पुण्याने त्या मोसमात तीनदा नमविले होते. अंतिम सामन्यात सलामीला ४४ धावा करणारा अजिंक्य रहाणे मूळचा नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा.

आदल्या वर्षी १४ पैकी पाचच सामने जिंकणाऱ्या या संघाकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. २०१७ मध्ये धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथकडे नेतृत्व आले, बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले गेले. पण खरी कमाल केली स्वस्तात मिळालेल्यांनी. ३० लाखांच्या जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले, तर दहा लाखांच्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा केल्या.

असा संघ कोण मोडेल? येथे तो नियमानेच मोडला. जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई व राजस्थानच्या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले होते. ती पोकळी भरण्यापुरतेच पुणे आणि गुजरात लायन्स हे संघ होते. मुदत संपली, जुने संघ परतले आणि पुण्याचे खेळाडू विखुरले.

जानेवारी २०१८ च्या लिलावापूर्वी राजस्थानने स्मिथला १२ कोटींत राखले. लिलावात स्टोक्स साडेबारा, उनाडकट साडेअकरा, तर त्रिपाठी तीन कोटी ४० लाखांना त्यांच्याकडेच गेला. रहाणेवर पंजाबने चार कोटींची बोली लावली होती. ‘राईट टू मॅच’चा हक्क वापरून राजस्थानने त्यालाही परत मिळविले. मार्चमध्ये चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात स्मिथ बाद झाला आणि कर्णधारपद रहाणेकडे आले.

म्हणजे पुण्याचा निम्मा गाभा जयपूरला पोहोचला होता. पण पुण्याची किमया? राजस्थान चौथ्या स्थानावर राहून बाद फेरीत कोलकात्याकडून हरला. उनाडकटला ११ बळी मिळाले. मागील वर्षाच्या कामगिरीवर मोजलेली ही किंमत होती. पण दुसऱ्या बाजूने दबाव ठेवणारा इम्रान ताहिर आता त्याच्या सोबतीला नव्हता. लिलावात गोलंदाज मिळतो, त्याची जोडी मिळेलच असे नाही.

ताहिर, शार्दूल ठाकूर आणि दीपक चहर गेले चेन्नईकडे, जिथे धोनी आधीच परतला होता. २०१८ चे विजेतेपद चेन्नईनेच पटकावले.