खोक्यातलं विमान

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकच्या शिवारात रिमोटचं विमान उडवायचं म्हटलं, की पहिला वैरी ऊस. डोक्यावर गेलेल्या फडात विमान शिरलं की पाचटातून वाट काढत, हात चिरून घेत शोधावं लागतं. त्यातून ते हिरवं असलं तर मिळालंच म्हणायचं! म्हणून इथल्या शिवारासाठी सुटे भाग जुळवायचा विमानाचा संच आखणाऱ्याने आधी रंग ठरवावा, भडक केशरी. पंख धडाला चिकटवू नयेत, रबरबँडने बांधावेत. आपटल्यावर ते सुटून बाजूला पडतात, मोडत नाहीत.

स्वतःपुरतं विमान करणं वेगळं आणि दुसऱ्याला जुळवता येईल असा संच आखणं वेगळं. आपल्या विमानात पंखाची बरगडी बसली नाही तर पॉलिश पेपरने घासून बसवता येते. खोकं उघडणाऱ्या मुलाजवळ आखणारा नसतो. त्यामुळे त्याला विमानाइतकाच त्या मुलाच्या चुकांचाही विचार करावा लागतो. बरगडीच्या दोन खाचा मुद्दाम कमीजास्त रुंदीच्या ठेवल्या, की ती उलटी बसतच नाही. नवशिक्याच्या विमानाचे पंख टोकांकडे थोडे वर उचललेले असतात. कलंडलं तरी ते आपोआप सावरतं. पण हा कोन मुलाच्या अंदाजावर सोडायचा नसतो. त्या कोनात कापलेली प्लायची पट्टी खोक्यातच द्यायची.

संचाचे भाग आता लेसरने कापतात, पण लेसरची रेघ स्वतःसुद्धा थोडं लाकूड खाते. तेवढं धरून खाच आखली नाही तर जोड ढिला पडतो. फार घट्ट आखली तर बाल्सा चिरतो. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरचं. वजन घनमीटरला साधारण 100 ते 200 किलो, म्हणजे एकाच जाडीच्या दोन फळ्यांत दुपटीचाही फरक. हलकी फळी शेपटीला द्यायची. शेपूट तोलबिंदूपासून लांब असते, त्यामुळे तिथल्या एका ग्रॅमला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. तोलबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर येतो. त्याची खूण नकाशावर नसेल, तर तो संच विकणं मी फसवणूकच मानतो.

या छंदाचं मूळ जुनं आहे. अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने 1871 मध्ये पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं एक उडतं खेळणं 1878 मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलं. पोरांनी त्याच्या नकला केल्या. मोठ्या केलेल्या नीट उडेनात. अमेरिकेत अशा विमानांचे संच करणारी गिलोज कंपनी 1926 मध्ये सुरू झाली. त्या काळच्या खोक्यांत लाकडावर नुसत्या रेघा छापलेल्या असत, पात्याने कापायचं काम मुलाचं. पुढे साच्याने कापलेले भाग आले. साचा बोथट झाला की लाकूड कापण्याऐवजी चेंगरायचं. लेसरने ती कटकट संपवली.

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात, स्पर्धाही होतात. पण मला या कामातले खरे गुरू वाटतात ते पुण्यात वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे सांधे चूक पोटात घालतात. काडी काढा, पुन्हा लावा. विमानाच्या संचालाही एवढं औदार्य हवं.

विमान जुळलं, की उडवण्याचे नियमही आले. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे छंदाचं मॉडेल 25 किलोपर्यंतचं असावं आणि नजरेच्या टप्प्यातच उडवावं. बारामतीचा विमानतळ जवळ आहे, तेव्हा आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई नकाशा पाहणं आलंच.

माळेगावातच शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींना एक विनंती: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एकच विमान करू नका, दहा खोकी करा. पहिलं खोकं सातवीतल्या पोराच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे नकाशा दुरुस्त करा.