साथीचे दिवस (भाग ६) : शुश्रूषा करणारीचं काय?

गेल्या आठवड्यात आपण प्लेगच्या साथीतलं १८९७चं पुणं पाहिलं. घरझडतीला आलेले गोरे शिपाई, परक्या पुरुषांसमोर बायकांची होणारी तपासणी आणि त्या धास्तीने घरातच दडवलेले रोगी. १८९८मध्ये प्लेगने हुबळीत कहर केला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातलं, आजच्या कर्नाटकातलं हे रेल्वेचं जंक्शन आणि कापसाची मोठी पेठ. माणसांची ये-जा अखंड. पन्नासेक हजारांच्या या शहरात त्या वर्षी ३५ हजारांहून अधिक जणांना शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची नवी लस टोचली गेली. झडतीपेक्षा सुई लोकांना परवडली.

वीस वर्षांनी इन्फ्लुएंझा आला, तेव्हा लस नव्हती. १९१८च्या त्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. वीस ते चाळीस वयाच्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. पाऊस हुकला होता, धान्य महागलं होतं, आणि घरात कमी पडलं की बाईच्याच ताटात कमी पडायचं. अशा अर्धपोटी बायका दिवसरात्र आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. गरोदर असली तर धोका आणखी वाढायचा. देशात १९११ साली हजार पुरुषांमागे ९६४ बायका होत्या. १९२१च्या जनगणनेत ९५५ उरल्या. त्या घसरणीच्या कारणांत ही साथ ठळक आहे.

शंभर वर्षांनी गरोदर बाईला काय मिळालं?

कोविडमध्ये हुबळीच्या ‘किम्स’ रुग्णालयात बाधित महिलांची बाळंतपणं झाली. पीपीई घालून तासन्‌तास उभं राहणाऱ्या परिचारिकांमध्येही बहुतेक बायकाच. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं, पण गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. कारण सरळ होतं : चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं, मग सुरक्षिततेची माहिती येणार कुठून? मधल्या साडेपाच महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. आयसीएमआरच्या अभ्यासात बाधित गर्भवती व बाळंतिणींमधला मृत्युदर पहिल्या लाटेत ०.७ टक्के होता, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. काळजीपोटी बाजूला ठेवलेल्या बायकाच उघड्यावर पडल्या.

आणि दारोदार फिरून ताप विचारणाऱ्या आशाताई? सरकारच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’. कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशांनी १० जुलै २०२०पासून काम थांबवलं. मागणी होती महिना १२ हजार रुपये ठरीव मानधनाची आणि पुरेशा मास्क-सॅनिटायझरची. ऐन साथीत संप कसला, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की विषाणू आपल्या घरी नेण्याची भीती त्यांना रोज होती.

पुढच्या लसीच्या चाचण्यांमध्ये गर्भवती सुरुवातीपासून हव्यात, आणि आशाताईंना पगार हवा. आपल्या आमदार-खासदारांना हे आत्ताच विचारा.

पुढील भागात : हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज शिवणाऱ्या बायका आणि टाळेबंदी.