थ्रॉटल स्थिती संवेदकाचे दोषनिदान

पेट्रोल एंजिनात शिरणाऱ्या हवेचे नियमन करणारी थ्रॉटल ही फुलपाखरी झडप किती उघडली आहे, हे विद्युत् दाबाच्या रूपाने नियंत्रक संगणकाला कळविणाऱ्या प्रयुक्तीस थ्रॉटल स्थिती संवेदक म्हणतात. इंधन अंतःक्षेपणाच्या पद्धतीत त्याला महत्त्व आले. पिंपरीच्या कारखान्यात तयार होऊन १९९८ च्या अखेरीस सादर झालेल्या टाटा इंडिकाची पहिली पेट्रोल आवृत्ती कार्ब्युरेटरची होती. २००० सालानंतरच्या उत्सर्जन मानकांमुळे अशी एंजिने मागे पडली.

संवेदकाचा जुना प्रकार म्हणजे एक लहान वर्चोभेदमापकच होय. झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा स्पर्शक कार्बनयुक्त रोधपट्टीवर सरकतो. तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट दाब असतो, दुसरी भूयोजित असते व तिसरीवर संकेत मिळतो. झडप मिटलेली असताना संकेत सु. ०·५ व्होल्ट, तर पूर्ण उघडल्यावर सु. ४·५ व्होल्ट असतो.

पट्टी सर्वत्र सारखी झिजत नाही. वाकडहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी गाडी थांबतथांबत पुढे सरकते आणि झडप पहिल्या काही अंशांतच उघडमीट करीत राहते. झीजही तेथेच अधिक होते. म्हणून महामार्गावर सुरळीत धावणारी गाडी चौकात आचके देते किंवा बंद पडते. हा दोष मागे वाहने असताना धोक्याचा ठरतो.

निदानयंत्रावर पी ०१२२ (संकेत कमी) किंवा पी ०१२३ (संकेत जास्त) असा संकेतांक दिसताच संवेदक बदलण्याची प्रथा खर्चिक व पुष्कळदा निष्फळ आहे. संकेतांक मंडलातील दोष सांगतो, दोषी भाग नव्हे. तुटलेली तार, गंजलेली जोडणी किंवा सदोष भूयोजन यांमुळेही तोच संकेतांक उमटतो. म्हणून प्रथम ५ व्होल्ट पुरवठा व भूयोजन तपासावे. नंतर एंजिन बंद व प्रज्वलन खटका चालू ठेवून झडप अगदी सावकाश उघडावी. दाब अखंड वाढत गेला पाहिजे. मध्येच तो क्षणभर कोसळल्यास पट्टी झिजली आहे, असे समजावे. अंकदर्शी मापकातून हा क्षण निसटू शकतो. या कामी काट्याचा जुना मापक सरस ठरतो व दोलनदर्शक सर्वांत उत्तम. झडपेवर काजळी साचल्यानेही मंदगती अस्थिर होते, हे विसरू नये.

पेडलपासून झडपेपर्यंत तार नसलेल्या अलीकडच्या गाड्यांत दोन संकेत असतात. पुष्कळ रचनांत एक वाढताना दुसरा घटतो व त्यांची बेरीज सु. ५ व्होल्ट राहते. त्यांत विसंगती आढळल्यास संगणक एंजिनाची शक्ती मर्यादित करतो. चुंबकीय स्पर्शहीन संवेदकात झिजणारी पट्टीच नसल्याने रोध मोजून निदान होत नाही. येथे झडप मोटरीने हलत असल्याने, खटका चालू असताना तिच्यात बोट घालू नये.